डॉली धरणारा

तीन मिनिटं बोला, म्हणाले नगरसेवक.
मी उभा राहिलो, माइकला हात लावला,
जय भीम म्हणालो, आभार मानले
आणि खाली बसलो.
अडीच मिनिटं उरली. ती इथे खर्च करतो, उत्पला.

दापोडीतल्या चौकाला तुझं नाव दिलंय.
पाटीवर 'उत्पल ओव्हाळ चौक' झालंय, काना राहिला.
रंगारी म्हणाला, उद्या काढतो.
तू असतीस तर स्टूल मागवून
खडूनं तिथंच काढला असतास.

पाहुणे म्हणाले, ती ताऱ्यांत विलीन झाली.
टाळ्या पडल्या.
कुठे झालीस? अकरा दिवस वर राहून
तू नीट परत आलीस,
चालता येईना म्हणून खो खो हसलीस,
आणि तीन वर्षांनी, सप्टेंबरात,
पिंपरीच्या दवाखान्यात, खाट क्रमांक चौदा,
डेंग्यूनं गेलीस.
प्लेटलेटसाठी मी रात्रभर रक्तपेढ्या हिंडलो.
फॉर्मवर लिहिलं, रुग्णाशी नातं: भाऊ.
बाकी काही लिहायला जागा नव्हती.

पहिली, पहिली म्हणत होते सगळे.
पहिली अमुक, पहिली तमुक,
मग आवाज जरा खाली आणून
'त्या समाजातली' पहिली.
घरात पहिला मी होतो.
तू दुसरी, आणि भांडखोर.

आबा एसटीच्या वर्कशॉपात पत्रे ठोकायचे,
सुट्टीला टेम्पोच्या बॉडीचं काम बाहेरचं घ्यायचे.
रिव्हेट मारायला दोघं लागतात.
एक बाहेरून हातोडा हाणतो,
एक आत बसून डॉली धरतो,
लोखंडाचा ठोकळा, शेपटीवर गच्च दाबून.
हात हलला की रिव्हेट तिरकी बसते
आणि पहिल्याच खड्ड्यात पत्रा बोंबलतो.
आत मिट्ट काळोख. भोकाभोकातून उजेड.
तू डॉली धरायचं सोडून भोकं मोजत बसायचीस.
एकेक बुजत जायचं.
'सगळी नका ना बुजवू, आबा!'
आबांचा आवाज बाहेरून: 'मग पाऊस काय तुझा बाप अडवणार?'

त्या पेठेतल्या गच्चीवर शनी दाखवणार होते.
रांगेत नाव विचारलं, शाळा विचारली, आडनाव विचारलं.
तुझा नंबर आला तेव्हा दुर्बिणीला झाकण लावलं.
ढग आलेत, म्हणाले.
मी सायकल काढली. तू कॅरिअरवर,
मान मागे टाकून, थेट हॅरिस पुलापर्यंत.
मी पुढचे खड्डे बघत होतो.
पुलावर तू म्हणालीस, 'दादा, एकसुद्धा नव्हता.'
त्यानंतर कधी तो विषय काढला नाहीस.
मीही नाही.

वरून बोलायला दहा मिनिटं दिली होती घरच्यांना.
आई पडद्याकडे बघून म्हणाली, 'केस बांध आधी.'
ते सगळ्या बाजूंनी उभे होते.
तू म्हणालीस, दापोडी दिसली नाही रे,
खडकवासल्याचं पाणी मात्र नखाएवढं चकाकलं.
मग हळूच, जणू आबा ऐकतील म्हणून:
'इथंही रिव्हेट आहेत. एक हाताला लागली.
कुणीतरी छान धरलं होतं आतून.'
दहा मिनिटं संपली.

कार्यक्रम उरकला, शाल पिशवीत टाकली,
दुसऱ्या पाळीला गेलो.
आबांच्या जागेवर आता मी,
पण गुडघे गेल्यामुळे हातोडा त्या नव्या पोराकडे,
मी आत बसतो.
आज बसची एक बाजू होत आली होती.
एक भोक राहिलं होतं. त्यातून
चारच्या उन्हाची काडी माझ्या बाहीवर पडली होती.
पोरगं बाहेरून ओरडलं, 'काका, धरलं का?'

थांब, म्हणालो.
जरा थांब.